वाफसा आला का? खान्देशच्या ओलीची मोजणी : कुदळीपासून उपग्रहापर्यंत

आजचा धागा थोडा लांब आहे आणि विषय वरवर पाहता आपल्या मुलखाशी विसंगत आहे. उपग्रहावरून गोठलेली आणि वितळलेली जमीन कशी ओळखतात, हा तो विषय. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तेथे जमीन गोठण्याची गोष्ट कशाला, असे कोणीही विचारील. मीही प्रथम तेच विचारले होते.

पण खान्देशात दव गोठते. सातपुड्यातील तोरणमाळ किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डाब या परिसरात थंडीची लाट आली की पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र येते. (हा भाग १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता, नंतर नंदुरबार वेगळा झाला.) धुळ्यातही हिवाळ्यात किमान तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरते. मात्र सायबेरियात किंवा अलास्कात जशी जमीन खोलवर गोठते, तशी येथे कधीच गोठत नाही.

तरीही आकाशातून पाहणाऱ्या रडारला मे महिन्यातील भेगाळलेले शिवार आणि जानेवारीतील गोठलेला सायबेरिया यांत फारसा फरक दिसत नाही. या चमत्कारिक साम्यामुळेच मी या विषयाकडे वळले आणि त्याचा माग काढत थेट १८५२ च्या सावदा-यावलपर्यंत येऊन पोहोचले.

आधी थोडे विज्ञान; ते टाळले तर पुढचा इतिहास समजणार नाही. पाण्याच्या रेणूला एक धन आणि एक ऋण टोक असते. सूक्ष्मलहरी येऊन आदळल्या की द्रव पाण्यातील रेणू त्यांच्या तालावर फिरतात. हा प्रतिसाद मोजण्याच्या राशीला विद्युत-अपार्यता म्हणतात. द्रव पाण्यासाठी ती सुमारे ८० भरते. पाणी गोठले की रेणू जागच्या जागी जखडले जातात आणि हाच आकडा सुमारे ३ वर घसरतो. कोरड्या मातीचा आकडाही साधारण ३ ते ४ असतो.

म्हणजे उपग्रहाला बर्फ ‘दिसत’ नाही. जमिनीत मोकळे, फिरू शकणारे पाणी आहे की नाही, एवढेच त्याला कळते. जमीन गोठली की तेथील पाणी त्याच्या दृष्टीने नाहीसे होते आणि वितळली की अचानक परत येते. आपल्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर जे घडते, त्याच्याशी याचे किती साम्य आहे ते पाहा. म्हणूनच गोठण-वितळणीचे नकाशे करताना तापमानाची स्वतंत्र माहिती जोडावी लागते. नाहीतर एखादे तापलेले वाळवंटही ‘गोठलेले’ ठरायचे.

यात आणखी एक गंमत आहे. जमिनीतून आपोआप बाहेर पडणाऱ्या क्षीण सूक्ष्मलहरी मोजणारे उपकरण (त्याला रेडिओमीटर म्हणतात) ओल्या जमिनीला थंड समजते आणि तीच जमीन गोठली की ती त्याला अधिक उष्ण भासते. पारा उतरतो आणि उपग्रहावरचा आकडा चढतो.

आता ‘वाफसा’ हा शब्द घ्या. नांगर किंवा पाभर चालण्याजोगी ओल जमिनीत असणे, चिखलही नाही आणि ढेकूळही नाही अशी अवस्था, म्हणजे वाफसा. माझे आजोबा मूठभर माती दाबून तिचा गोळा करीत आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडीत. गोळा फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर अजून दोन दिवस थांबायचे. उत्तरेकडच्या प्रदेशांत वसंत ऋतूत उपग्रहाला ‘जमीन वितळली का’ असे विचारतात. आपल्याकडे त्याच उपकरणाला ‘वाफसा आला का’ असे विचारता येते.

जमिनीच्या ओलीची सरकारी नोंद मात्र उपग्रहांच्या कितीतरी आधी सुरू झाली. मुंबई इलाख्यात प्रिंगलची जमाबंदी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून नव्या पाहणीस आरंभ केला. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो संयुक्त अहवाल दिला, तो पुढे इलाख्यातील जमीनमोजणीचा पायाच ठरला.

त्या अहवालातील प्रतबंदीची पद्धत वाचताना मी थक्क झाले. मातीचे तीन प्रकार केले होते : बारीक पोताची काळी, काहीशी भरड तांबूस आणि खडेमिश्रित हलकी. त्यांचे एकूण नऊ वर्ग. पहिल्या वर्गाची किंमत १६ आणे, नवव्याची केवळ २ आणे. वर्ग ठरविण्यासाठी खोली पाहावयाची आणि उत्तम काळ्या मातीसाठी ती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर, असावी लागे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडी, प्रत्येक भागात खणून पाही आणि आकृतीत खुणा भरी.

याशिवाय मातीचे सात दोष सांगितले होते. चुनखडीचे कण, वाळूचे मिश्रण, उतार इत्यादी. प्रत्येक दोषासाठी जमीन एका वर्गाने खाली उतरे. त्यांतला एक दोष झऱ्यांमुळे येणाऱ्या अतिरिक्त ओलीचा होता आणि दुसरा पाणी मुरू न देणाऱ्या मातीचा. म्हणजे १८४७ साली मातीतील पाण्याला आण्यांत किंमत लावली जात होती आणि त्या आण्यांवरून शेतकऱ्याचा सारा ठरत होता.

हीच पाहणी खान्देशात आली तेव्हा लोकांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. १८५२ च्या डिसेंबरात सावदा, यावल, एरंडोल या भागांत शेतकरी मोठ्या जमावाने जमले आणि मोजणी थांबवा अशी मागणी करू लागले. सारा वाढणार ही भीती तर होतीच. आपल्या जमिनीविषयी कोणीतरी बाहेरचा माणूस साखळी आणि कुदळ घेऊन येतो, काहीतरी लिहून नेतो आणि त्यावर आपले काही चालत नाही, हा सलही त्यामागे असावा असे मला वाटते. सरकारने लष्कर आणले, पुढाऱ्यांना पकडले आणि मोजणी पुढे चालू ठेवली. मुंबई इलाख्याच्या इतिहासात हे प्रकरण ‘खान्देशातील सर्व्हेचा दंगा’ म्हणून नोंदले गेले आहे. १८५७ च्या पाच वर्षे आधीचे हे प्रकरण पाठ्यपुस्तकात का नाही, हा प्रश्न मी येथे नुसता नोंदवून ठेवते.

याच मुलखात पाण्याची दुसरी, गावकऱ्यांची स्वतःची मोजणीही चालत होती. पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवरील फड पद्धती ही ती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या क्षेत्राचे फड आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी कोणत्या शेतात किती वेळ सोडायचे ते पाटकरी पाहत असे. तो ओल कागदावर लिहीत नसे. बांधावरून चालत जाऊन पाहत असे. त्याचा निवाडा चुकला तर त्याला गाठायला कोणाला फार लांब जावे लागत नसे.

आण्यांचा हिशेब साऱ्यापुरता राहिला नाही. दुष्काळ पडला की पीक किती आणे आले ते ठरवायचे, म्हणजे ‘आणेवारी’. नाणी बदलली तशी तिची ‘पैसेवारी’ झाली. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तिच्या तीन पायऱ्या, आणि ५० पैशांच्या आत आली तर टंचाई. खान्देशातील कुठल्याही शेतकरी कुटुंबात हा शब्द ऐकलेला नाही असा मुलगा सापडणार नाही.

मग १९७२ उजाडले. महाराष्ट्राच्या स्मृतीत हे वर्ष दुष्काळाचे : सुकडी, खडी फोडण्याची कामे, रोजगार हमी. त्याच वर्षी २३ जुलैला अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. आपल्याकडे पावसाने ओढ दिली होती आणि तिकडे माणूस प्रथमच सबंध पृथ्वीच्या पिकांची नियमित छायाचित्रे घेऊ लागला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी ही तारीख वाचून मी थोडा वेळ थांबले होते.

भारतात दूरसंवेदनाचा प्रारंभ त्याच्याही थोडा आधीचा. १९७० साली केरळात नारळाच्या मूळकुज रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेऊन करण्यात आली. तिचे सूत्रधार पिशारोथ रामा पिशारोटी हे होते. पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेचे हेच पहिले संचालक आणि भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. १९७४ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय दूरसंवेदन संस्था स्थापन झाली.

परंतु छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याची अडचण अशी की नेमक्या ज्या महिन्यांत ओल मोजायची, त्या महिन्यांत आकाश ढगांनी भरलेले असते. सूक्ष्मलहरींना ढगही अडवीत नाहीत आणि रात्रही. म्हणून ७ जून १९७९ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी सोव्हिएत भूमीवरील कापुस्तिन यार येथून ‘भास्कर-१’ अवकाशात गेला. सुमारे ४४० किलो वजनाच्या या उपग्रहात दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांबरोबर ‘समीर’ नावाचा सूक्ष्मलहरी रेडिओमीटर होता. १९ आणि २२ गिगाहर्ट्झवर काम करणारे हे उपकरण मुख्यतः समुद्र आणि वातावरणातील बाष्प पाहण्यासाठी होते. त्याचा एकेक ठिपका शंभर किलोमीटरहून मोठा. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे एकाच ठिपक्यात मावावीत असा! त्यावरून कोणा शेतकऱ्याला वाफशाचा सल्ला मिळणे शक्य नव्हते. पण आकाशातून सूक्ष्मलहरींनी पृथ्वी वाचण्याची भारताची ही पहिलीच खेप होती. २० नोव्हेंबर १९८१ रोजी ‘भास्कर-२’ गेला.

येथे एक आडवाट घेणे मला भाग आहे, कारण या नावाचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात आहे. भास्कर नावाचे दोन गणिती होऊन गेले : सातव्या शतकातील पहिला भास्कर आणि ‘लीलावती’चा कर्ता दुसरा भास्कराचार्य, जन्म इ.स. १११४. या दुसऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने मठ स्थापिला आणि त्याला निकुंभ घराण्यातील सोईदेवाने दान दिले. या दानाचा इ.स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे. पाटणादेवीला सहलीला जाऊन झऱ्यांत खेळून परत येणाऱ्या बहुतेकांच्या तो गावीही नसतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे. परंतु शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठाला बाजारातून काय काय द्यावयाचे याचा व्यवहारी हिशेब आहे.

भास्कराचार्यांचे जन्मगाव पाटणच असा दावा खान्देशात मोठ्या अभिमानाने केला जातो. अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही आणि शिलालेखही तसे सांगत नाही; तो मठाविषयी बोलतो, जन्माविषयी नव्हे. अभिमान बाळगावा, पण लेखातील ओळीपुढे जाऊ नये.

पुन्हा गोठलेल्या जमिनीकडे वळू. १९७८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा निंबस-७ गेला. त्यावरील सूक्ष्मलहरी रेडिओमीटरच्या नोंदींवरून जमीन गोठली की नाही हे ओळखण्याच्या पद्धती पुढे विकसित झाल्या. सलग दोन किंवा अधिक वर्षे शून्य अंशाखाली राहणाऱ्या जमिनीचे प्रदेश उत्तर गोलार्धातील उघड्या भूभागाच्या जवळजवळ चतुर्थांश आहेत. ती वितळू लागली की रस्ते खचतात, घरे कलतात आणि मातीत साठलेला कर्ब हवेत सुटतो. २००९ च्या नोव्हेंबरात युरोपने ‘स्मॉस’ सोडला. ३१ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेचा ‘स्मॅप’ गेला. मातीतील ओल आणि जमिनीची गोठण-वितळण ही ‘स्मॅप’ची दोन्ही कामे आधीपासूनच ठरलेली होती. अवघ्या काही महिन्यांत, ७ जुलै २०१५ रोजी, त्याचे रडार बंद पडले. रेडिओमीटर मात्र चालू राहिला आणि शास्त्रज्ञांनी बारीक नकाशांची आशा सोडून जाड्या ठिपक्यांवर काम भागविले.

या उपग्रहांना आपली काळी माती सहजी उमगत नाही, आणि हा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. खान्देशच्या काळ्या मातीत चिकणमातीचे कण विपुल. ओल मिळाली की ते फुगतात, वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या कणांचा एकूण पृष्ठभाग इतका मोठा असतो की पाण्याचा पहिला थर त्यांना घट्ट चिकटून बसतो. ते रेणू मोकळेपणे फिरू शकत नाहीत. सूक्ष्मलहरींच्या दृष्टीने हे बांधलेले पाणी द्रवापेक्षा बर्फाच्याच जवळचे. ऐन मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या झळांत, आपल्या शिवारात थोडे ‘गोठलेले’ पाणी असते ते असे!

याचा परिणाम केवळ गमतीपुरता नाही. रेताड मातीसाठी बसवलेले सूत्र काळ्या मातीला लावले तर सारखेच पाणी असूनही ती कोरडी दिसू शकते. म्हणून मातीचा पोत आधी ठाऊक असावा लागतो. तो नकाशा करण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेकडे आहे. ती १९७६ पासून उभी आहे. राज्याचे दूरसंवेदन केंद्रही १९८८ पासून नागपुरातच आहे. विंगेटच्या कारकुनाने आण्यांत लिहिलेला पोत आणि आजच्या सूत्रात भरायचे चिकणमातीचे प्रमाण, प्रश्न एकच.

हे सारे प्रयोगशाळेत राहिले असते तर हा धागा लिहायचे कारण नव्हते. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली. तीत पैसेवारीऐवजी आधी पाऊस पाहायचा, मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने मोजलेला पिकांचा हिरवेपणा, मातीतील ओल आणि जलसाठे असे निर्देशांक तपासायचे आणि शेवटी तालुक्यातील दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष शेतात खातरजमा करायची, असे ठरले. महाराष्ट्राने ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या संहितेनुसार. त्यांत जळगाव-धुळ्यातील अनेक तालुके होते.

नव्या पद्धतीचे गुण मी नाकारीत नाही. पैसेवारी कशी लागते, कोणाच्या वाड्यावर लागते, याच्या कथा प्रत्येक गावात आहेत. उपग्रह कोणाचा पाहुणा नसतो. पण एक शंका मला सोडत नाही. मातीतील ओल मोजण्यासाठी ज्या लांब सूक्ष्मलहरी वापरतात, त्यांनाही साधारण वरच्या पाच सेंटिमीटरांतीलच ओल कळते. आखूड लहरींना त्याहूनही कमी. विंगेटचा कारकून ८० सेंटिमीटर खणत होता.

आता दादर आठवा. तापीकाठच्या भारी जमिनीत रब्बीला पेरलेली ही ज्वारी खोल मुरलेल्या ओलीवर उभी राहते. वरचे बोटभर जमिनीचे कवच पांढरे पडलेले, खाली दादर हिरवीगार. उलटही घडते : हलक्या मुरमाड जमिनीवर एक सर पडते, उपग्रहाला वरचा थर ओला दिसतो आणि दोन दिवसांत रोप कोमेजते. शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे. ते वरच्या थरावरून मुळांपर्यंतच्या ओलीचे गणित मांडतात, पाऊस आणि तापमान जोडतात. पण ते गणित असते, खड्डा नसतो. म्हणून माझ्या मते त्या संहितेतील सर्वांत मोलाचे कलम दहा टक्के गावांचे आहे, आणि तेच घाईत सर्वांत आधी उरकले जाण्याचा धोका आहे. १८५२ च्या शेतकऱ्याला निदान मोजणीदार दिसत तरी होता. त्याच्यासमोर जमाव करून उभे राहता येत होते.

अलीकडची भर थोडक्यात. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘ईओएस-०४’ हा रडार उपग्रह गेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ गेला. भारत आणि अमेरिका यांचे हे संयुक्त काम. त्याचे एक रडार सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचे, अमेरिकेने केलेले. दुसरे त्याहून आखूड लहरींचे, इस्रोचे. बारा मीटर व्यासाची जाळीदार तबकडी उघडून हा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो. हिमनद्या, गोठलेली जमीन आणि शेतातील ओल हे तिन्ही विषय त्याच्या कामात आहेत. ‘समीर’च्या एका ठिपक्यात दोन शहरे मावत होती, येथे ओलीचा ठिपका काहीशे मीटरांवर येतो. शिवार नाही, पण शिवाराचा तुकडा नक्की.

त्याच्या फेरीची वेळही पाहण्याजोगी आहे : स्थानिक घड्याळात पहाटे सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या सुमारास. डिसेंबरात डाबच्या गवतावर पांढरा थर असतो तो नेमका याच वेळी. तो थर इतका पातळ की रडारला बहुधा त्याची दखलही लागणार नाही. ऊन चढले की तो विरून जातो. तोवर ज्याला तो पाहायचा आहे त्याने स्वेटर घालून, मोबाइलची बॅटरी भरून, घाटातल्या वळणांचा हिशेब धरून रात्रीच निघावे.